खेळू नये

आमच्या गंगापूर रोडवरच्या बागेत शिरताच एक पाटी आहे. 'गवतावर चालू नये.' त्याखाली 'फुले तोडू नयेत.' त्याखाली 'चेंडू खेळू नये.' आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, 'बालोद्यान'. बालांनी इथे येऊन नेमके काय करावे, हे लिहायला रंगाऱ्याला जागाच पुरलेली नाही.

मी रोज संध्याकाळी दोन नातवंडांना घेऊन तिथे जातो. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. थोरलीला पाटी वाचता येते, धाकट्याला अजून येत नाही; त्यामुळे बागेची खरी मजा तोच लुटतो.

बागेच्या कडेने चालण्याचा ट्रॅक. त्यावर रक्तातली साखर जिरवणारी मंडळी. मधल्या हिरवळीवर हास्य क्लब. उरलेल्या जागेत व्यायामाची यंत्रे, आणि त्यांवर बसून गुडघेदुखीची चर्चा. मुलांसाठी कोपऱ्यात तिसरी पायरी नसलेली घसरगुंडी आणि दोन झोके. एकाला साखळी नाही. दुसऱ्यावर कुणाच्या तरी सासूबाई मोबाईलवर बोलत बसलेल्या असतात.

आणि हो, जंगल जिम. या लोखंडी सांगाड्याचे पेटंट १९२३ साली शिकागोच्या सेबॅस्टियन हिंटन नावाच्या वकिलाला मिळाले. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. ते गणिती. जपानात असताना पोरांना लांबी-रुंदी-उंची अंगात भिनावी म्हणून त्यांनी बांबूंचा सांगाडा उभारला, आणि आकडे पुकारून पोरांना त्या-त्या सांध्यावर चढायला लावले. पुढे चौथी मिती शिकवायचा बेत होता म्हणे! आमच्याकडे त्याच सांगाड्यावर थंडीत चालून घाम आलेल्यांचे स्वेटर आणि माकडटोप्या टांगलेल्या असतात.

तक्रार केली की समवयस्क म्हणतात, "आपल्या लहानपणी कुठं होत्या हो बागा? आपण नाही वाढलो?" वाढलो ना! पण तेव्हा या रस्त्याला मळे होते, पेरूच्या बागा होत्या, द्राक्षांचे मांडव होते. पेरू चोरायचा तर आधी झाड लागते. आता त्या मळ्यांवर सात-सात मजले उभे आहेत. साधारण एक एकर, म्हणजे ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जागेचा ले-आउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडा, असा नियम आहे. ती सोडतातही. मग आपण म्हातारे तिथे खुर्च्या मांडतो. खेळणे हा मुलाचा हक्क आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारात ३१ व्या कलमात लिहिले आहे, आणि भारताने १९९२ साली तो मान्यही केला. पण ट्रॅकवरचे कुणी तो वाचलेला दिसत नाही. पाटी मात्र सगळ्यांना पाठ!

गेल्या मंगळवारी थोरलीचा चेंडू एका निवृत्त गृहस्थांच्या पोटरीला लागला. रबरी चेंडू हो, पण त्यांनी तो जप्त केला. मी तावातावाने म्हणालो, "कुणी केला हा नियम?" त्यांनी शांतपणे पिशवीतून अर्जाची प्रत काढली. 'ज्येष्ठांना चेंडूचा उपद्रव होतो, सबब बंदी घालावी.' खाली एकतीस सह्या.

थोरली बोट लावून एकेक नाव वाचू लागली. सातव्यावर थांबली.

"आजोबा, ही तुमची सही आहे ना? तुमच्या पासबुकावर अशीच आहे."

होती. दोन वर्षांपूर्वीची. नातवंडे तेव्हा पुण्याला होती, आणि कुणाच्या तरी पोराने माझा चहा सांडला होता.

आता मी उलट अर्ज लिहिला आहे. पहिली सही माझी. दुसरी थोरलीची, पेन्सिलीने. हास्य क्लबात नेला तर सगळे मनापासून हसले, सही कुणीच केली नाही. एकजण तयार आहेत, पण चेंडू स्पंजचा हवा म्हणतात.

जुना चेंडू क्लबाच्या कपाटात आहे. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि ते रविवारपर्यंत नातवाकडे मुंबईला गेले आहेत.