इंजिन मेलेलं नाही, कार्बोरेटर तुंबलाय!

मागच्या आठवड्यात आमच्या मिरचीच्या वावरातला पेट्रोलवरचा एचटीपी फवारणी पंप रुसला. चोक दिला की चालू, चोक काढला की फुस्स. दुकानदाराने दोनदा दोरी ओढली आणि निकाल दिला, "भाऊ, इंजिन गेलं. पिस्टन-रिंग टाका, नाहीतर नवीन घ्या."

तोच पंप एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे नेला. तो हसला. "चोकवर चालतं ना? मग इंजिन जित्तं आहे. पेट्रोल कमी पोचतंय."

त्याने कार्बोरेटर अख्खा खोलला. तळाच्या वाटीत पिवळट चिकटा, जेटचं भोक बुजलेलं. गेल्या हंगामात टाकीत राहिलेलं पेट्रोल तसंच आटलं होतं. चूक माझीच. त्याआधी मीच दोनदा बाहेरून स्प्रे मारून आणला होता. चार दिवस चालायचा, पुन्हा तेच. अर्धवट सफाई म्हणजे फक्त पुढची तारीख!

खरी सफाई म्हणजे दोन्ही जेट काढायचे, क्लीनरने धुवायचे, हवा मारायची आणि उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतं का बघायचं. तार खुपसायची नाही, भोक मोठं होतं. टाकी आणि फिल्टरही धुवायचा, नाहीतर तीच घाण परत जेटमध्ये. मिस्तरीने दोन तास घेतले आणि दीडशे रुपये. पंप आज फवारतोय.

आता मुद्द्याचं बोलू.

नंदुरबारची मिरची, शहाद्याची पपई, सगळं फवारणीवर उभं आहे. महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानावर यंत्रं मिळतात. पण यंत्र दिलं, फोटो काढला, की संपलं का? जेट कुठे असतो, हे शेतकऱ्याला कोण दाखवणार? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून माणूस बंद यंत्र घेऊन खाली येतो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर "इंजिन गेलं" ऐकून परत जातो.

त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओलावा धरतं. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या यंत्राला ते सोसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. साहेब, फवारणी पंपाला किलोमीटर नसतात! त्याचा हिशोब कोणी सांगितला?

इथेनॉलला माझा विरोध नाही, त्यात ऊसवाल्याचाही पैसा आहे. पण इंधन बदललं तर ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला सांगायला नको?

मागणी साधी आहे. अनुदानाच्या प्रत्येक यंत्रासोबत मराठी पुस्तिका, जादा जेट-गॅस्केट आणि अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक द्या. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, आयटीआय आहेत. खरिपाआधी तालुक्याला एक दिवस "कार्बोरेटर खोला" शिबिर घ्या. आयटीआयच्या पोरांना काम मिळेल, शेतकऱ्याचे हजारो वाचतील.

तोवर आपण एवढं करा: हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. म्हणजे वाटीतलं पेट्रोलही संपतं.

आणि कोणी "इंजिन गेलं" म्हणालं, तर आधी विचारा, "जेट काढून बघितला का?"

तुमच्या घरी असं "मेलेलं" यंत्र कोपऱ्यात पडलंय का? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. यादी घेऊन मी स्वतः अधिकाऱ्यांना भेटणार आहे.