मागच्या सीटवरचा खोटा विश्वास

गाडीची मागची सीट सुरक्षित असते, तिथं बेल्ट लागत नाही, हा समज माणसं मारतो आहे. आणि हा समज अडाण्यांचा नाही. येवल्यात मी तो डॉक्टरांकडे पाहिला, मास्तरांकडे पाहिला, पैठणीच्या व्यापाऱ्यांकडे पाहिला, कांद्याला एखाद्या वर्षी भाव मिळाला म्हणून मोठी गाडी दारात उभी करणाऱ्या बागायतदारांकडे पाहिला. गाडीला सनरूफ आहे, मागच्या सीटला स्वतंत्र एसी आहे, मोबाइल चार्ज करायची सोय आहे. मागच्या बेल्टची बक्कलं मात्र नव्या सीटकव्हराखाली गाडली गेली आहेत. ती बाहेर काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "भाऊ, कोपरगावलाच तर जायचंय. मागं कोण लावतं बेल्ट?"

कोण लावतं? जगायचं असेल त्यानं लावावा. याहून सौम्य उत्तर माझ्याकडे नाही.

3 जून 2014. दिल्लीत सकाळच्या वेळी एका चौकात दुसरी गाडी येऊन धडकली आणि मागच्या सीटवर बसलेले गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की मागच्या सीटचा बेल्ट लावला असता तर मुंडे वाचू शकले असते. सगळा महाराष्ट्र हळहळला. परळीला अंत्यदर्शनासाठी प्रचंड गर्दी लोटली. त्या गर्दीतून घरी परतताना किती गाड्यांत मागचा बेल्ट लागला असेल? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

आठ वर्षांनी, 4 सप्टेंबर 2022 ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅगांनी सज्ज. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दोघेही गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही आठवडे टीव्हीवर चर्चा रंगल्या, मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून मागच्यांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच काढला गेला, की हा मुंबईचा नियम आहे.

तो मुंबईचा नियम नाही. समोर तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनी बेल्ट लावायचा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत कधीचंच लिहिलेलं आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 194 ब तर आणखी स्पष्ट आहे. बेल्ट न लावलेले प्रवासी घेऊन गाडी चालवणाऱ्याला 1000 रुपये दंड. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं, तरी 1000 रुपये. येवला तालुक्याला यातून सूट दिल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 चा अहवाल सांगतो: बेल्ट न लावल्यानं देशात त्या एका वर्षात 16,715 माणसं मेली. त्यातले 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे मेलेले हे नुसते 'बसलेले' लोक होते. ज्यांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, ज्यांनी काही चूक केली नव्हती, फक्त हात मागे नेऊन एक पट्टा ओढायचा कंटाळा केला होता.

आता 'वेग कमी असतो' या सबबीकडे येतो. ताशी 50 किलोमीटर वेगानं चाललेली गाडी एकदम थांबली, तर बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगानं पुढे जातो. हा मार सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. 80 च्या वेगाला तीच उंची पंचवीस मीटरवर जाते, आठव्या मजल्याच्या आसपास. गच्चीच्या कठड्याशी पोराला धरून ठेवणारी आई त्याच पोराला गाडीत दोन सीटांच्या मधल्या फटीत उभं करते. का? कारण ते पुढचं बघायला रडतं.

आणि मागे बेल्ट न लावणारा फक्त स्वतः मरत नाही. तो पुढच्याला मारतो. तुमच्या साठ-सत्तर किलोच्या देहाचा आघात पुढच्या सीटच्या पाठीवर होतो आणि बेल्ट लावलेला चालक तुमच्या आणि स्टिअरिंगच्या मधे चिरडला जातो. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे मांडलं: मागचे बेल्टशिवाय असतील, तर बेल्ट लावलेल्या पुढच्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. तेव्हा "माझा जीव, माझी मर्जी" हे मागच्या सीटवरून कुणी म्हणू नये. पुढे तुमचा मुलगा बसलेला आहे.

आमच्या रस्त्यांवर अचानक ब्रेक लागणार नाही, असं ज्याला वाटतं त्यानं कांद्याच्या हंगामात विंचूर चौफुलीवर उभं राहावं. नाशिक–संभाजीनगर आणि मनमाड–कोपरगाव हे दोन रस्ते तिथं एकमेकांना छेदतात. कंटेनर, शिर्डीला निघालेल्या साईभक्तांच्या गाड्या, पैठणी घ्यायला आलेली कुटुंबं, कांद्याचे ट्रॅक्टर, उसाच्या जोडट्रॉल्या, सगळं एकाच डांबरावर. रात्री त्या ट्रॉल्यांना मागे धड दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. हा दोष ट्रॉलीवाल्याचा, मान्य. त्याला पकडलंच पाहिजे. पण त्याचा दोष तुमच्या कपाळावर उमटू द्यायचा की नाही, हे तुमच्या हातात आहे.

पुढची सबब बाळाची. "मी घट्ट धरून ठेवते ना." ताई, नाही ठेवता येत. 50 च्या वेगात धडक बसली, की दहा किलोचं बाळ क्षणभर तीनशे किलोच्या ओढीनं हातातून सुटतं. जगातल्या कुठल्याच आईच्या हातांत तेवढी ताकद नाही. त्याला स्वतःबरोबर एकाच बेल्टमध्ये गुंडाळणं तर त्याहून वाईट, कारण धडकेत तुमचंच वजन त्याला चेपतं. मुलांची वेगळी सीट मिळते. ती मागे बसवायची. तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करायचं. मूल साधारण दीड मीटर उंचीचं होईपर्यंत त्याच्या मापाची उंच बैठक वापरायची. बारशाला हॉल, केटरिंग, फुग्यांची कमान यांवर खर्च करणाऱ्यांनी ही सीट महाग आहे असं मला सांगू नये.

पुढच्या सीटवर मूल बसवणाऱ्यांनी डिसेंबर 2024 मधली वाशीची घटना वाचावी. पुढच्या गाडीचा अपघात झाला, ती मागच्या छोट्या कारवर आदळली, एअरबॅग उघडली आणि पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. एअरबॅग ही मऊ उशी नव्हे. ती पापणी लवायच्या आत, ताशी 200 ते 300 किलोमीटर वेगानं फुटून बाहेर येते. बेल्टनं मागे रोखलेल्या मोठ्या माणसाच्या मापानं ती बनवलेली आहे. चालकानंसुद्धा स्टिअरिंगपासून छाती किमान 25 सेंटिमीटर दूर ठेवायची असते. म्हणून "एअरबॅग आहेत, बेल्ट कशाला" हे वाक्य धोक्याचं आहे. बेल्ट असेल तरच एअरबॅग नीट वाचवते.

त्या एअरबॅगच्या झाकणावर आपण काय ठेवतो? देवाची मूर्ती, अत्तराची काचेची बाटली, मोबाइलचा स्टँड, डिंकानं चिकटवलेला. श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही. देव गाडीत हवा, तर छोटा फोटो कप्प्यात ठेवा. झाकण फुटतं तेव्हा त्यावरची वस्तू सरळ तोंडावर येते. पाय डॅशबोर्डवर टाकून बसणाऱ्यांच्या गुडघ्यांचं काय होतं, ते हाडांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

सामानाची शिस्त तर आपल्याला नाहीच. शिर्डीहून निघताना मागच्या काचेजवळच्या फळीवर नारळाची पिशवी, पितळी समई, स्टीलचा डबा. सीटखाली सुटी पाण्याची बाटली. ब्रेक लागला की फळीवरचं सामान मागून डोक्यात येतं आणि बाटली घरंगळत चालकाच्या पायात जाते. ती ब्रेकच्या पेडलखाली अडकली, तर ब्रेक दाबलाच जात नाही. जड सामान डिक्कीत, तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवायचं. बाटली दाराच्या कप्प्यात. चालकाच्या पायाखाली एकच मॅट, खाली अडकवून बसवलेली. जुन्यावर नवी टाकायची नाही. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

आराम करायचा, तर सीट पाडून झोपणं हा सगळ्यांचा आवडता प्रकार. चालत्या गाडीत सीट आडवी केली, की बेल्ट छातीवर राहत नाही. धडकेत माणूस बेल्टखालून पुढे घसरतो आणि खालचा पट्टा कमरेच्या हाडाऐवजी पोटावर रुततो. आतडी, यकृत तिथंच आहे. गरोदर बाईनं तर खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरूनच घ्यायचा, वरचा छातीच्या मधून. 'पोटाला त्रास होतो' म्हणून बेल्ट टाळायला सांगणाऱ्या सासवांनी आणि नणंदांनी हे नीट ऐकावं. दोन जिवांचा प्रश्न आहे. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या वरच्या पातळीला यावं. मागून ठोकर बसली, की मान मोडू न देणं हे त्याचं काम. दिसायला बरं वाटतं म्हणून ते काढून माळ्यावर टाकणारे लोक मी येवल्यात पाहिले आहेत.

सनरूफबद्दल तर मला संतापच येतो. पोरं त्यातून छातीपर्यंत बाहेर, वडील आरशातून कौतुकानं बघतात, मागून मामा व्हिडिओ काढतो. आणि हे येवल्यात! जिथं संक्रांतीला तीन दिवस आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि रस्त्यांवर आडवा लोंबतो. दुचाकीवाल्यांचे गळे त्यानं कापले जातात, हे दर जानेवारीला आपण वाचतो. त्याच रस्त्यानं छतातून मान बाहेर काढलेलं मूल नेणारा बाप प्रेमळ नाही, बेजबाबदार आहे.

आता दुकानदारांकडे. बेल्ट न लावल्यावर वाजणारी सूचना बंद करणारी क्लिप हे मृत्यूचं सामान आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली. 13,118 जाहिराती काढाव्या लागल्या. गाडी वाजते ती तुमच्यासाठी, आणि तुम्ही पैसे मोजून तिचं तोंड बंद करता. सीटकव्हरवाल्यांनी बक्कलांसाठी छिद्र ठेवायलाच हवं. ज्या सीटच्या कडेला एअरबॅग आहे, तिथं जाड कव्हर शिवून ती कोंडायची नाही. ग्राहकाला माहीत नसेल, पण हा धंदा करणाऱ्याला माहीत नाही म्हणून चालणार नाही.

आणि कोंबाकोंबी. पाच जणांच्या गाडीत आठ, सातच्या गाडीत अकरा. "सरका थोडं" म्हटलं की सहावा बसतो, पण बेल्ट पाचच असतात. 15 ऑक्टोबर 2023 ला आमच्या शेजारच्या वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या भाविकांची छोटी बस ट्रकला धडकली. बारा जण गेले. ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या ठपक्यावरून परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली, ते योग्यच झालं. पण त्या बसमध्ये सीटांपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती, हे कुणी बोलायला तयार नव्हतं. दर जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड, हे कलम 194 अ मध्ये आहे. लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्यांना तो लावल्याचं मी पाहिलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. पोलिसांनी चौफुलीवर गाडी अडवली, की कागदांबरोबर मागचं दार उघडून बघावं. ड्रायव्हिंग स्कूलनं पहिल्या दिवशी क्लचआधी बेल्ट शिकवावा. गाडी विकणाऱ्यानं हार-नारळाचा फोटो काढून झाल्यावर दहा मिनिटं घरच्या सगळ्यांना मागे बसवून बक्कल लावून दाखवावं. लग्नघरानं गाड्या ठरवताना माणसं मोजावीत, आणि एक गाडी जास्त सांगावी.

पण या सगळ्यांची वाट बघायची गरज नाही. कायद्यानं जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकली आहे, आणि अधिकारही त्याचाच आहे. गाडीत शेवटचा बेल्ट लागल्याचा आवाज येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. मागे वडील असोत, साहेब असोत, आमदार असोत. कुणाला राग आला, कुणी "लई शहाणा झालास का?" म्हणालं, तर म्हणू द्या. कुणी उतरून गेलं, तर जाऊ द्या. रुसलेल्या पाहुण्याची समजूत पुढच्या कार्याला काढता येते.