मेंदूसंशोधनाला हवे धीराचे दान

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, शाळेच्या वर्गखोलीसाठी किंवा रुग्णालयाच्या नव्या कक्षासाठी वर्गणी मागायला गेलेला माणूस आपल्याकडे सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. दिलेल्या पैशाचे काय झाले, हे दात्याला डोळ्यांनी पाहता येते आणि दारावरच्या संगमरवरी पाटीवर त्याचे नावही लागते. संशोधनाला अशी पाटी नसते. त्यातही मेंदूचे संशोधन म्हणजे दहा-वीस वर्षे खर्च करूनही हाती काय लागेल, याची शाश्वती नाही. दात्यांचा हात या क्षेत्राकडे क्वचितच वळतो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

हा हिशेब बदलायला हवा. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. या विकारात मेंदूतील बदल लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतात. ते टिपायचे तर धडधाकट माणसांची तपासणी वर्षानुवर्षे करीत राहावी लागते. सरकारी अनुदान मात्र बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने मिळते. नेमकी ही पोकळी खासगी दान भरून काढू शकते.

बंगळुरूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन आणि त्यांच्या पत्नी सुधा यांनी २०१४ मध्ये प्रतीक्षा ट्रस्टमार्फत दहा वर्षांसाठी २२५ कोटी रुपये देऊ केले आणि भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले. या केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा परिसरात पंचेचाळिशी ओलांडलेल्या दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. अल्झायमरविषयीचे बहुतेक ज्ञान पाश्चात्त्य रुग्णांवरून आलेले असताना शेतावर राबणाऱ्या, प्रसंगी अक्षरओळखही नसलेल्या माणसाच्या मेंदूची नोंद होणे, ही साधी गोष्ट नव्हे. याच दाम्पत्याच्या देणगीतून मद्रास आयआयटीत उभ्या राहिलेल्या केंद्राने २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ छेदांचा नकाशा जगभरच्या संशोधकांना विनामूल्य खुला केला.

ही परंपरा नवी नाही. ज्या विज्ञान संस्थेच्या आवारात हे घडले, ती मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या दानातून १९०९ मध्ये स्थापन झाली. ती पाहायला जमशेटजी हयात नव्हते. १९०४ मध्येच त्यांचे निधन झाले होते. फळ आपल्या हयातीत मिळेल, या अटीवर त्यांनी दान दिले असते तर ही संस्था उभीच राहिली नसती.

अर्थात दात्यांच्या औदार्यावर सारे सोपवणे धोक्याचे ठरेल. दाता आपल्या आवडीचा विषय निवडतो. अपस्मार, बालपणीचे कुपोषण किंवा गरिबाघरचा मनोविकार यांना धनिक कैवारी मिळेलच असे नाही. तिथे शासनानेच उभे राहिले पाहिजे. प्रत्यक्षात २०२०-२१ मध्ये संशोधन आणि विकासावरील देशाचा एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची वाट २०१९ मध्ये सरकारी संशोधन संस्थांसाठी अधिक रुंद करण्यात आली, हे खरे. परंतु संशोधन संस्थांना दिलेल्या देणगीवरील वाढीव करसवलत टप्प्याटप्प्याने घटवून एप्रिल २०२० पासून ती दिलेल्या रकमेइतकीच ठेवली गेली. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्याने ते लोटायचे, असा हा प्रकार झाला.

कोट्यवधी रुपये देणे सर्वसामान्यांच्या आवाक्यातले नाही. तरीही त्यांच्याजवळ देण्यासारखे काहीच नाही, असे नव्हे. बंगळुरूच्याच निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूची पेढी आहे. मृत्यूनंतर नातेवाइकांच्या संमतीने दान केलेले मेंदू तिथे संशोधनासाठी जतन केले जातात. नेत्रदान आणि देहदान आता मराठी समाजाच्या अंगवळणी पडले आहे. मेंदूच्या दानाचा विचार त्या रांगेत अद्याप आलेला नाही. विस्मरणाने आई-वडिलांना हळूहळू परके होताना ज्यांनी पाहिले, त्यांना या दानाचे मोल वेगळे सांगायला नको.