गोल्फ कार्ट : पेट्रोलची की बॅटरीची?

गोल्फ खेळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, पण गोल्फ कार्टमध्ये बसायची वेळ आता कुणावरही येते. ताजमहाल पाहायला गेलेल्यांना हे ठाऊक आहे. ताजपासून ५०० मीटरच्या आत धूर सोडणाऱ्या गाड्यांना मज्जाव असल्याने शिल्पग्रामच्या वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंत बॅटरीच्या गाड्या ये-जा करतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर वृद्ध आणि अपंग प्रवाशांना डब्यापर्यंत सोडणारी गाडीही त्याच जातकुळीतली.

आता ही गाडी गृहसंकुलांत, रिसॉर्टमध्ये, इस्पितळांच्या आवारात आणि फार्महाऊसवरही दिसू लागली आहे. शेवटच्या इमारतीतल्या आजी-आजोबांना गेटपर्यंत यायचं म्हणजे अर्धा किलोमीटरची पायपीट. त्यांच्यासाठी सोसायटीची सभा कार्ट घ्यायचं ठरवते आणि लगेच पहिला वाद सुरू होतो : पेट्रोलवर चालणारी घ्यायची की बॅटरीवर? निवड चुकली तर सभासदांच्या वर्गणीतून आलेली गाडी दोन-तीन वर्षांत ताडपत्रीखाली जाते आणि आजी-आजोबांची पायपीट पुन्हा सुरू होते.

आधी एक घोळ मिटवायला हवा. अमेरिकन माहितीपत्रकात ‘गॅस कार्ट’ असं लिहिलेलं असतं. तिथे पेट्रोललाच गॅस म्हणतात. सिलिंडरशी किंवा सीएनजीशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत दोन्ही प्रकार सर्रास चालतात. जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटी या गावात तर अशा गाड्यांसाठी सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वेगळ्या वाटाच आहेत. आपल्याकडे मात्र बॅटरीच्या गाड्याच जास्त मिळतात. त्यामुळे पेट्रोलची गाडी घेणाऱ्याने तिचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक जवळपास मिळतो का, हे आधी पाहावं.

बॅटरीच्या गाडीचे गुण उघड आहेत. आवाज नाही, धूर नाही, रात्री कुणाची झोपमोड नाही. इस्पितळात किंवा इमारतीच्या तळघरात पेट्रोलच्या गाडीचा विचारही करू नये. बंद जागेत इंजिनमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जिवावर बेततो. उलट लांबलचक फार्म असेल, वीज बेभरवशाची असेल, तर पेट्रोलची गाडी कामाला येते. टाकी रिकामी झाली की पाच मिनिटांत भरता येते. बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला मात्र रात्र जाते. चढ-उतार फार असतील तर बॅटरी सपाट रस्त्यापेक्षा लवकर उतरते, हेही लक्षात ठेवायला हवं.

खरी मेख आहे ती खर्चात. ४८ व्होल्टच्या गाडीत साधारणपणे ८ व्होल्टच्या ६ लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. एकदा चार्ज करायला ९ युनिट वीज लागते, युनिटचा दर १० रुपये आणि एका चार्जमध्ये गाडी ४० किलोमीटर धावते, असं हिशेबापुरतं धरू. म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला १२ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला पावणेनऊ रुपये. फरक साडेसहा रुपयांचा. इथपर्यंत ऐकून सभेत सगळे हात बॅटरीच्या बाजूने वर होतात.

पण बॅटरीचा संच पाचेक वर्षांत बदलावा लागतो. त्याला ८० हजार रुपये धरले तर वर्षाला १६ हजार झाले. आता गाडी रोज २० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस धावली, तर इंधनात ३९ हजार वाचतात. १६ हजार वजा जाऊनही २३ हजार हातात राहतात. तीच गाडी रोज ३ किलोमीटरच धावली, तर वर्षाला जेमतेम ५,८५० रुपये वाचतात. म्हणजे बॅटरीचे पैसेही निघत नाहीत. कारण न वापरता उभी ठेवली तरी बॅटरी म्हातारी होतेच! या हिशेबात रोज आठेक किलोमीटर ही सीमारेषा ठरते. पेट्रोलच्या गाडीचं ऑईल, फिल्टर, प्लग, बेल्ट यांचा खर्च धरला तर ती आणखी खाली येते. दर गावोगावी वेगळे, म्हणून आपापले आकडे घालून हाच हिशेब सभेत मांडावा.

लिथियम बॅटरी सुरुवातीला महाग पडते, पण वजनाला हलकी असते, लवकर चार्ज होते, जास्त वर्षं टिकते आणि तिच्यात पाणी घालायची कटकट नाही. वापर भरपूर असेल तर ती परवडते. लेड-ॲसिड घेतली तर महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहायची आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. नळाचं पाणी बॅटरीचं आयुष्य खातं. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो. त्यामुळे जागा हवेशीर हवी आणि तिथे विडी-सिगारेट ओढायला बंदी हवी. प्लगचं अर्थिंगही तपासून घ्यावं. हे काम कुणा एकाच्या अंगावर टाकलं नाही, तर पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत संपते.

जुनी गाडी घेताना रंगरंगोटीवर भुलू नये. आधी बॅटरीची निर्मिती-तारीख पाहावी. बॅटरी पाच वर्षांची असेल, तर नव्या संचाची किंमत गाडीच्या किमतीतच धरावी.

आणखी एक गोष्ट. केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या खास गाड्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलं आहे. ही सवलत गेटच्या आतलीच. नोंदणी नसलेली कार्ट नाक्यावरच्या दुकानापर्यंत नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी गाडी एक दिवस चाचणीला मागून घ्यावी. सगळ्या जागा भरून ती आवारातल्या सर्वांत मोठ्या चढावर न्यावी. पहिल्या फेरीत आजी-आजोबांनाच बसवावं. पायरी किती उंच आहे, धरायला दांडी आहे की नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही.