बांधावरून : बुडवलेला मुलूख

मंडळी, ३ ऑक्टोबरला लायडनमध्ये पांढरा पाव आणि हेरिंग मासा फुकट वाटतात, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मुलं शाळेतून गोष्टही ऐकून येतात. १५७४ साली स्पॅनिश फौजेने शहराला वेढा घातला, लोक उपासमारीने आणि साथीने मेले, शेवटी बंडखोरांनी बांध फोडून समुद्राचं पाणी आत घेतलं आणि होड्या थेट शेतांवरून शहरापर्यंत आल्या. त्या रात्री पळालेल्या स्पॅनिश सैनिकांच्या पातेल्यात गाजर-कांद्याचा जो रस्सा सापडला म्हणतात, तोच हा 'हुत्स्पॉट'. (आमच्या घरी त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिल्याशिवाय कुणी तोंड लावत नाही, पण ते असो.)

या गोष्टीत एक माणूस मात्र कधी दिसत नाही. तो म्हणजे ज्याच्या शेतावरून होड्या गेल्या तो शेतकरी. बांध ऑगस्टमध्ये फोडले. रॉटरडॅम, डेल्फ्ट आणि लायडन यांच्यामधली कितीतरी शेतं पाण्याखाली गेली. शहर सुटलं, पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, तिथे विद्यापीठही निघालं. शेतकऱ्याला काय मिळालं, ते पावाच्या रांगेत कुणी सांगत नाही.

१५६८ ते १६४८ असं ऐंशी वर्षं चाललेलं हे युद्ध धर्माचं होतं, करांचं होतं, राजाच्या हुकमतीचं होतं. पण दक्षिणेला झेलंडमध्ये, स्खेल्डे नदीच्या मुखाशी, ते चिखलाचंही होतं. तिथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे भरती-ओहोटी ठरवते. १५७२ च्या ऑक्टोबरात बंडखोरांनी गुस शहराला वेढा घातला होता. तो उठवायला मोंद्रागोन नावाच्या सेनापतीने सुमारे ३,००० शिपाई रात्रीच्या ओहोटीत पाण्यात उतरवले. छातीभर पाणी, पायाखाली गाळ, डोक्यावर दारूगोळा, आणि भरती यायच्या आत पंधराएक किलोमीटर पार करायचे! पार केलेही. ज्या तळावरून ते चालले तो १५३० च्या पुरात बुडालेला मुलूखच होता, म्हणजे त्यांच्या पायाखाली कधीकाळची शेतं आणि गावं होती.

खरी कसोटी लागली अँटवर्पला. हे तेव्हा उत्तर युरोपातलं सगळ्यात श्रीमंत बंदर. १५८४ मध्ये पार्माच्या सरदाराने त्याला वेढा घालायला घेतला. जुलैत डेल्फ्टला विल्यम ऑफ ऑरेंजचा खून झाला, पण त्याआधीच त्याने सल्ला दिला होता की शहराच्या खालच्या अंगाचे बांध वेळेवर फोडा, म्हणजे नदी अडवली तरी बुडालेल्या कुरणांवरून गलबतं येत राहतील. त्यात कावेनस्टाइनचा बांध महत्त्वाचा. पण शहरातल्या खाटकांच्या संघाने विरोध केला. त्यांचे हजारो बैल त्या कुरणांवर चरत होते. बांध राहिला. मग त्यावर स्पॅनिश फौजेने मोर्चे बांधले, आणि पुढच्या मे महिन्यात तोच बांध जिंकायला अँटवर्पकरांना शेकडो माणसं गमवावी लागली, तरी तो हाती आला नाही. नदीवर पार्माने नावांचा पूल उभा केला होता. एप्रिलमध्ये दारूने भरलेल्या जहाजाच्या स्फोटाने त्याला भगदाड पडलं, पण त्याचा फायदा कुणी उठवला नाही, आणि पूल पुन्हा सांधला गेला. १७ ऑगस्ट १५८५ ला शहर शरण गेलं.

इतिहासकार खाटकांना हसतात. मला हसू येत नाही. आपलं कुरण कोण सुखासुखी बुडू देईल? माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांचा संघ होता, त्यांचं शहरात ऐकलं गेलं. त्याच वेढ्याच्या काळात जवळच्या साफतिंगेचा बांध मात्र फोडला गेला. आधीच १५७० च्या पुराने त्या मुलखाचं बरंच नुकसान केलं होतं, १५८४ मध्ये उरलंसुरलंही गेलं. तिथल्या लोकांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको.

अँटवर्पच्या प्रॉटेस्टंटांना गाव सोडायला चार वर्षं दिली गेली. कितीतरी व्यापारी आणि कारागीर उत्तरेला आले, अ‍ॅमस्टरडॅम फुगलं, आणि स्खेल्डेचं तोंड डचांनी स्वतःच बंद करून ठेवलं. त्या पैशाचा नि माणसांचा हात १६०२ च्या ईस्ट इंडिया कंपनीला लागला. तिचीच वखार १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला निघाली. कोकणातल्या मंडळींनी तिचे पडके अवशेष पाहिले असतील.

साफतिंगे आजही बुडालेलंच आहे. सुमारे ३,५०० हेक्टर खाजण, पक्ष्यांसाठी राखीव. त्याला लागूनच १९०७ मध्ये बांध घालून मिळवलेली हेडविगे पोल्डर होती. अँटवर्पच्या जहाजांसाठी नदी खोल केली, त्याची भरपाई म्हणून ही शेतजमीन पाण्याला परत द्यायचं २००५ च्या करारात ठरलं. झेलंडकर वर्षानुवर्षं भांडले, खटले झाले, तरी २०२२ मध्ये बांध फोडलाच. निसर्गाच्या दृष्टीने ते योग्य असेलही. पण ज्या लोकांना लहानपणापासून बांध राखायला शिकवलं, त्यांच्यासमोर यंत्र लावून धडधाकट बांध उकरायचा, हे त्यांना कसं रुचावं?

मुलांना घेऊन जायचं असेल तर एम्मादोर्पच्या केंद्रातून वाटाड्या घ्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट न्या, कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा, आणि ओहोटीची वेळ पाहूनच निघा. पाणी परत फार झपाट्याने येतं.