सेव्ह-लोडवाल्यांनो, तुम्ही खेळताय कुणाशी?

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा गेम १९९९ साली आला. तो काढणारी थ्रीडीओ कंपनी २००३ मध्ये बुडाली, हक्क युबिसॉफ्टने घेतले, २०१५ मध्ये रंगरंगोटी करून नवी आवृत्ती आणली, तर तिच्यात जुने विस्तार गायब! तरी भक्त हटायला तयार नाहीत. मीही त्यातलाच एक, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण या भक्तांचं एक पालुपद ऐकलं की माझं डोकं फिरतं. "अरे, हे म्हणजे बुद्धिबळच!"

कसलं डोंबलाचं बुद्धिबळ? बुद्धिबळात नशीब नसतं. इथे साध्या भालेवाल्याचा मूळ मार १ ते ३ मध्ये काहीही निघतो. देवदूताचा मात्र ठरलेला ५०. (देवाघरी सगळं पक्कं, धाकधूक फक्त गरिबाला.) फौजेचं मनोबल चांगलं असेल तर एखादी तुकडी मध्येच एक जादा चाल करते, बिघडलं असेल तर ऐन वेळी खांब होऊन उभी राहते.

या खेळाची ओढ वेगळीच आहे. ती आहे आठवड्याची. खेळातला आठवडाही सातच दिवसांचा, आणि गावातली नवी भरती फक्त पहिल्या दिवशी. एका गावात दिवसाला एकच इमारत बांधता येते. म्हणजे हा सगळा महिनाअखेरीचा संसार! कॅपिटॉल बांधलं की रोज ४००० मोहरा येतात, पण तिथवर पोचायला जे दिवस आणि पैसे जातात त्यात किल्ला पुरा झाला असता, आणि किल्ला पुरा झाला की भरती मुळाच्या दुप्पट. आधी पैसा की आधी माणसं? त्यात नायकाची दिवसाची मजल ठरते फौजेतल्या सगळ्यात मंद गड्यावर. एक ड्वार्फ सोबत घेतला की अख्खी सेना बुटक्याच्या पायांनी चालते. असे बारीक हिशेब करता करता रात्रीचा एक वाजतो, आणि खेळात उद्या भरतीचा दिवस असतो, म्हणून आणखी एकच दिवस...

वैतागही आहेच. टाउन पोर्टलचा मंत्र एखाद्याला मिळाला आणि हवं ते गाव निवडण्याइतकी अर्थ मॅजिकही त्याच्याकडे असली, की तो नकाशाच्या या टोकावरून थेट आपल्या त्या टोकाच्या गावात हजर. आठ नायकांची साखळी लावून फौज या हातातून त्या हातात देत एका दिवसात कुठच्या कुठे नेणं हे तर सरळ हमालखातं आहे. आणि शेवट! जिंकणार हे नक्की झाल्यावरही कंप्युटर हार मानत नाही. त्याचा एखादा फुटकळ नायक दोन-चार सैनिक घेऊन जंगलात पळतो आणि तुम्ही तासभर त्याच्यामागे.

पण मंडळी, सगळ्यात जास्त रडतात ते सेव्ह-लोडवाले. ड्रॅगन युटोपियात किती ड्रॅगन आहेत? आत शिरून मार खायचा, आकडा कळला की लोड. काळ्या पडद्यामागे काय आहे? घोडा दामटवायचा, बघून यायचं, लोड. लढाईत तीन ग्रिफिन जास्त मेले? लोड! आणि वर हेच लोक म्हणणार की गेम फार सोपा आहे, शेवटी कंटाळा येतो. अहो, येणारच! अख्खा खेळ उभा आहे तो घालवलेला दिवस परत येत नाही यावर. तो दिवसच फुकट परत मिळायला लागला तर कॅपिटॉल आधी की किल्ला आधी या प्रश्नात उरलं काय?

"मग काय, वीज गेली तर सगळं घालवायचं?" असं एका मित्राने मागे विचारलं होतं. नाही हो. झोपायला जाताना सेव्ह करणं वेगळं आणि केलेलं पुसायला सेव्ह करणं वेगळं. पत्ते उद्यासाठी तसेच झाकून ठेवता येतात. खेळलेलं पान परत हातात घेता येत नाही, एवढं लहान पोरांनाही कळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: हा खेळ एकट्याने खेळायचाच नाही. हॉटसीटवर खेळा. एक कंप्युटर, चार माणसं, एकाचा डाव चालू असताना बाकीच्यांनी स्वयंपाकघरात जायचं. लोड करायची सोय तिथेही आहे, पण तिघांच्या देखत करून दाखवा! आणि माणूस हरतोय हे कळल्यावर जंगलात पळत बसत नाही, "हरलो, चहा टाका" म्हणतो. शेवटचा तो रटाळ तास आपोआप वाचतो. एकेकाचा डाव अर्धा अर्धा तास चालतो ही तक्रार खरी आहे, त्यावर घड्याळ लावण्यापलीकडे माझ्याकडे औषध नाही.

आमच्याकडे दिवाळीत एकच सेव्ह असतो, जेवायला उठताना केलेला. भाचेमंडळी हे वाचतायत हे ठाऊक आहे, म्हणून यंदाचं इथेच जाहीर करून टाकतो: नेक्रोपोलिस मी घेणार. बसा सांगाडे मोजत :-)