टक्केवारीचा बोनस आणि हरलेला डाव

बोनस हा शब्द नोकरदार वर्गास दिवाळीच्या तोंडावर आठवतो. आज ज्या बोनसविषयी लिहावयाचे आहे तो संगणकावरील एका खेळातला आहे. तथापि त्यामागील प्रश्न आपल्या परिचयाचाच आहे.

सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा पाळीपाळीने खेळावयाचा खेळ १९९१ साली निघाला. इसवी सनापूर्वी ४००० या काळी पहिले शहर वसवून खेळाडूने आपले राज्य आधुनिक युगापर्यंत न्यावयाचे असते. डाव कित्येक तास चालतो. परंतु माझे विद्यार्थी सांगतात, आणि चार डाव स्वतः हरल्यावर मलाही पटले आहे, की निकाल बहुधा मध्यावरच लागलेला असतो. पुढच्या पाळ्या हा निव्वळ उपचार. मागे पडलेला खेळाडू मुकाट्याने उठून जातो.

असे का व्हावे? २००५ च्या चौथ्या आवृत्तीचे उदाहरण घ्या. तीत लोहारशाळेमुळे शहराचे उत्पादन २५ टक्क्यांनी वाढते, कारखान्यामुळे आणखी २५ आणि कारखान्यास वीज मिळाली की आणखी ५०. एकूण १०० टक्के. मूळ उत्पादन २० असलेले शहर ४० वर जाते, ४ असलेले ८ वर. दर सर्वांस सारखाच, म्हणून नियम न्याय्य दिसतो. पण १६ चे अंतर ३२ झालेले असते. शिवाय लहान शहरास तो कारखाना उभारण्यासच कितीतरी अधिक पाळ्या लागतात. आघाडीतूनच नवी आघाडी जन्मते, हे गुन्नार मिर्दाल यांनी मागास प्रदेशांविषयी १९५७ मध्येच मांडले होते.

ज्याने आरंभी नेटके नियोजन केले त्याला फळ मिळू नये काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. फळ अवश्य मिळावे. प्रश्न आहे तो त्याच फळावर शेवटपर्यंत चढत्या व्याजाचा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्यात हा विचार एके काळी झाला होता. चौथ्या वेतन आयोगाच्या (१९८६) सूत्रानुसार ३,५०० रुपयांपर्यंत मूळ वेतन असणाऱ्यास महागाईची शंभर टक्के भरपाई मिळे, ६,००० पर्यंत ७५ आणि त्यावर ६५ टक्के. पाचव्या आयोगाने पुढे सर्वांस एकच दर लावला. खेळातही पहिल्या १० उत्पादनावर पूर्ण १०० टक्के व त्यावरील भागावर निम्मा दर ठेवला, तर मोठे शहर ४० ऐवजी ३५ वर थांबेल आणि लहानास त्याचे ८ मिळतीलच. कोणाचे काही हिरावले जात नाही.

२०१६ च्या सहाव्या आवृत्तीने निराळी वाट धरली. तीत कारखाना टक्केवारी न देता ठरावीक उत्पादन देतो, तेही सहा घरांच्या आतील आपल्या इतर शहरांनाही. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. मात्र त्याच आवृत्तीत राज्याचे ज्ञान वाढेल तसा औद्योगिक विभाग उभारण्याचा खर्चही वाढत जातो. म्हणजे उशिरा वसलेल्या गावाने, त्याची ऐपत सर्वांत कमी असताना, सर्वांत जास्त किंमत मोजावयाची. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतले जाते, आणि नव्या गावाचा कारखाना उभा राहीपर्यंत डाव संपलेला असतो.